आधीं नगर कीं आधीं राज्य?

परतंत्र देशास राज्यकर्ते कांहीं हक्क देऊं करतात, तेव्हां एक प्रश्न हटकून उभा राहतो : सुधारणेचा आरंभ नगरपालिकेपासून व्हावा, कीं मध्यवर्ती सत्तेपासून? वरवर पाहतां हा प्रश्न सोयीचा दिसतो. वस्तुतः तो नीतीचा आहे.

१८ मे १८८२ रोजीं लॉर्ड रिपन यांनीं स्थानिक स्वराज्याचा ठराव प्रसिद्ध केला. कारभार त्यानें एकदम सुधारेल, असा त्यांचा दावा नव्हता; लोकांस राजकीय शिक्षण मिळावें, हा मुख्य हेतु. तो उदात्त होता याविषयीं आम्हांस शंका नाहीं. पण ज्या शाळेंत परीक्षा केव्हां घ्यावयाची हें सर्वस्वी गुरुजींच्या मर्जीवर असतें, तेथील विद्यार्थी जन्मभर विद्यार्थीच राहण्याचा संभव फार.

मुंबईचेंच पाहा. १८८८ च्या कायद्यानें महापालिकेंत ७२ सभासद आले. पैकीं ३६ करदात्यांनीं निवडावयाचे. अंमलबजावणीचा अधिकार मात्र सरकारनियुक्त कमिशनराकडे राहिला. नळ, गटारें, दिवे यांवर वाद घालण्याची मुभा लोकांस. मिठावरील कर वरिष्ठ सरकार ठरवी. म्हणून ‘आधीं कायदेकौन्सिल’ म्हणणाऱ्यांचा पक्ष निराधार नव्हता. घरपट्टीचा हिशेब कितीही चोख ठेवला, तरी त्यानें गरिबाच्या ताटांतलें मीठ स्वस्त होत नाहीं.

तथापि दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. १८९२ च्या कायद्यानंतर कौन्सिलाकडे जाणारी एक वाट नगरपालिकांतूनच निघाली. फिरोजशहा मेहतांस मुंबईच्या कौन्सिलांत महापालिकेनेंच पाठविलें. गोपाळ कृष्ण गोखले १९०२ सालीं वरिष्ठ कौन्सिलांत मिठाच्या कराविरुद्ध बोलले, आणि पुण्याच्या नगरपालिकेचें अध्यक्षपदही त्यांनीं सांभाळलें. एका कामासाठीं दुसरें टाकावें, असें त्यांनीं मानलें नाहीं.

आमचें मत असें कीं, क्रम कोणताही असो, अधिकार कोणत्या नात्यानें दिला हें पाहिलें पाहिजे. शिक्षण म्हणून दिलेला अधिकार देणारा केव्हांही काढून घेऊं शकतो. हक्क म्हणून मान्य केलेला अधिकार काढून घेतांना त्यास निदान लाज वाटते.

हा दोष केवळ परक्यांचा म्हणावा, तर तेंही समाधान उरलेलें नाहीं. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनें नगरपालिकांस घटनेंत स्थान मिळालें; तरी मुंबईचा कमिशनर आजही राज्य सरकारच नेमतें. ७ मार्च २०२२ रोजीं तेथील महापालिकेची मुदत संपली, आणि पुढें तीन वर्षांहून अधिक काळ निवडणुकीवांचून प्रशासकाचा कारभार चालला. सत्तेवर आपलींच माणसें होतीं. आणि आम्ही सुशिक्षित? दिल्लींत काय घडतें याची चर्चा आमच्या दिवाणखान्यांत रोज चालू होती. आपल्या वॉर्डाला सभासदच नाहीं, ही गोष्ट मात्र आमच्यापैकीं फारच थोड्यांस खटकली. हक्काची उणीव ज्यांस भासत नाहीं, त्यांस तो वरून मिळो वा खालून, त्यांच्या हातीं तो टिकत नाहीं.