रांजण एका दिवसात भरत नाही



वाल्या कोळ्याची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. एक वाटसरू मारला की रांजणात एक खडा. असे सात रांजण भरले. पण पहिला खडा टाकताना वाल्याच्या मनात काय असेल, याचा विचार आपण कधी केलाय का? घरी बायको-मुलं उपाशी आहेत, एवढंच ना!

चांगला माणूस हळूहळू वाईट कसा होतो, हे सिनेमात दाखवणं अवघड. बहुतेक सिनेमांत खलनायक आल्या-आल्याच ओळखू येतो. १९७५ सालचा ‘दीवार’ मात्र आम्हाला वेगळा वाटतो. सलीम-जावेद यांनी लिहिलेला, यश चोप्रांनी दिग्दर्शित केलेला हा सिनेमा आपल्यापैकी अनेकांनी टीव्हीवर तरी पाहिला असेल.

त्यातला विजय आठवून बघा. मुंबईच्या रस्त्यावर बूट पॉलिश करणारा हा मुलगा फेकलेले पैसे उचलत नाही, हातात द्या म्हणतो. केवढा बाणेदार! मोठेपणी गोदीत हमाली करताना हप्ता मागणाऱ्या गुंडांना तो एकटा भिडतो. आपण टाळ्या वाजवतो. मग त्याच धाडसाला गिऱ्हाईक मिळतं. सोन्याच्या तस्करीत तो शिरतो. आईने जिथे विटा वाहिल्या ती इमारत तिच्यासाठी विकत घेतो. शेवटी सूडापायी माणूस मारतो. यातली एकही पायरी उंच नाही. प्रत्येक पायरीला कारण आहे, आणि कारणही खरं आहे. गरिबी खरी, अपमान खरा, आईवरची मायाही खरी.

मग कारण खरं असेल तर कृत्य माफ होतं का? सिनेमा याचंही उत्तर देतो. धाकटा भाऊ रवी पोलीस अधिकारी. पाव चोरून पळणाऱ्या एका पोराच्या पायावर तो गोळी झाडतो आणि अस्वस्थ होऊन त्याच्या घरी जातो. त्या पोराचे वडील निवृत्त शिक्षक. घरात खायला नाही, तरी ते रवीला दोष देत नाहीत. चोरी पावाची असो की लाखांची, ती चोरीच, असं ते म्हणतात.

आमच्या मंडळात हा विषय निघाला तेव्हा काही भगिनी म्हणाल्या, असे सिनेमे बघूनच पोरं बिघडतात. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. लोकांना विजयच जास्त लक्षात राहिला, ते शिक्षक नाही. पण आम्हाला वाटतं, पायऱ्या दाखवायलाच हव्यात. पायरी दिसली तरच पाय आवरता येतो.

सगळ्यात मोलाची आहे ती आई. मुलाचा पैसा कुठून येतो हे कळल्यावर ती त्याचा बंगला सोडून रवीबरोबर निघते. इथे पुन्हा वाल्या आठवतो. वाल्याच्या घरच्यांनी पापातला वाटा नाकारला, पण रोजचं जेवण कधी नाकारलं नव्हतं. विचारलं तेव्हा हात झटकले, इतकंच. या आईने पाप नाकारलं आणि त्या पापाचं सुखही. मुलाला मात्र तिने टाकलं नाही. शेवटी देवळात त्याचं डोकं तिच्याच मांडीवर आहे.

आपल्या घरात दरोडेखोर नाहीत, तस्करही नाहीत. पण पगाराच्या मानाने लवकर आलेली गाडी असते, ‘वरचे’ पैसे असतात, कुणाच्या तरी हक्कातून काढून घेतलेली जागा असते. आपण पेढे वाटतो, औक्षण करतो, पण हे आलं कुठून असं विचारत नाही. विचारलं तर घरात वाद होतील म्हणून गप्प बसतो. तो गप्प बसण्याचा खडा कुणाच्या रांजणात पडतो?

तेव्हा घरातल्यांना प्रेमाने, पण वेळेवर विचारू या. पहिला खडा हातात असतानाच विचारलेलं बरं.

जय गुरुदेव.