वैद्याने कोणत्या भाषेत लिहावे?

रोग्याच्या खाटेशी बसून जे ज्ञान वैद्यास प्राप्त होते, त्याचा पहिला वारस कोण? तो रोगी व त्याचे शेजारीपाजारी, की देशोदेशींचे विद्वान समव्यवसायी? प्रश्न वरकरणी सोपा दिसतो. परंतु पोलिश भाषेतील वैद्यकीय नियतकालिकांचा आरंभीचा इतिहास पाहू लागलो म्हणजे त्याचे उत्तर देणे किती जड आहे, हे आम्हांस कळून येते.

पोलंडच्या भूमीवर निघालेले पहिले वैद्यकीय नियतकालिक पोलिश भाषेत नव्हतेच. लेश्नो गावचे डॉक्टर नायफेल्ड यांनी १७५० ते १७५३ या काळात ते लॅटिनमध्ये चालविले. त्या काळच्या रिवाजास हे धरूनच होते. पुढे १७९५ साली पोलंडचे राज्य नकाशावरून पुसले गेले, वॉर्सा शहर प्रशियाच्या हाती पडले, आणि अशा वेळी, १८०१ साली, तेथे 'सर्व दर्जांच्या लोकांसाठी' असे नाव मिरविणारी एक आरोग्यपत्रिका पोलिश भाषेत निघाली. तिचे संपादक लेओपोल्ड लाफोंतेन हे जन्माने जर्मनीतील श्वाबेन प्रांताचे! परक्या मुलखातून आलेल्या शस्त्रवैद्याला जे सुचले, ते तोवर तेथील पंडितांना सुचले नव्हते. पत्रिका १८०२ सालीच बंद पडली.

येथे एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. लोकभाषेत लिहिले म्हणजे सत्यच लिहिले, असे होत नाही. पोलंडातील खेडुतांच्या डोक्यात जटा होत. त्या कापल्यास आंधळेपण किंवा वेड येते, अशी त्यांची समजूत असे. देवीची जट म्हणून कात्रीला भिणारी घरे ज्यांनी आपल्याकडे पाहिली आहेत, त्यांना हे निराळे सांगावयास नको. लाफोंतेन यांनीही ही जट म्हणजे एक स्वतंत्र व्याधी मानली. तो केवळ अस्वच्छतेचा परिणाम आहे, हे ठासून सांगण्याचे श्रेय पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास क्राकूव्हचे प्राध्यापक युझेफ डीट्ल यांच्याकडे जाते.

आमचा खरा पेच विल्नो येथील येंड्झेय श्नियादेत्स्की यांच्यापाशी येऊन थांबतो. ह्या गृहस्थांनी १८०० साली पोलिश भाषेत रसायनशास्त्राचा ग्रंथ लिहिला व त्यासाठी शब्द घडविले. प्राणवायूला त्यांनी 'क्वासोरुद', म्हणजे आम्ल उपजविणारा, असे नाव दिले. ते पुढे मागे पडले आणि धुमसण्याच्या क्रियापदावरून बनविलेला 'त्लेन' हा आटोपशीर शब्द रूढ झाला. परिभाषेच्या टाकसाळीतील प्रत्येक नाणे चालतेच असे नाही, हा अनुभव आपणांसही आहे. विल्नो येथे १८०५ साली वैद्यांचे मंडळ स्थापन झाले, आणि १८२२ साली वैद्यक, शस्त्रक्रिया व औषधिविद्या यांना वाहिलेले नियतकालिक तेथे पोलिशमध्ये सुरू झाले. त्याच १८२२ साली श्नियादेत्स्की यांनी मुलांच्या संगोपनाविषयी लिहिताना नमूद केले की, दाट वस्तीच्या शहरांतील मुलांना मुडदूस फार होतो, आणि त्यांना मोकळ्या हवेत व उघड्या अंगावर ऊन लागेल असे नेणे हा त्यावर उत्तम उपाय होय.

हे त्यांनी पोलिशमध्ये, आईबापांसाठी लिहिले. म्हणून युरोपच्या वैद्यांनी ते वाचले नाही. बर्लिनच्या हुल्डशिन्स्की यांनी दिव्याच्या किरणांनी मुडदूस बरा करून दाखविला तो १९१९ साली. श्नियादेत्स्की यांचे लिहिणे इंग्रजी 'नेचर' साप्ताहिकातून जगापुढे आले ते १९३९ साली. दरम्यानच्या शतकात लंडन, बर्लिन येथील धुराने कोंदलेल्या गल्ल्यांतून किती मुलांचे पाय वाकले असतील! तेव्हा श्नियादेत्स्की लॅटिनमध्ये लिहिते तर अधिक पुण्य जोडते, असे कोणी म्हणेल. आम्हांस हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. तरी आमचा कौल श्नियादेत्स्की यांच्याच बाजूने आहे. मुलाला उन्हात नेणारी आई असते, प्राध्यापक नव्हे. आणि लॅटिन ग्रंथ त्या आईच्या हाती कधीच पडला नसता. उलट पोलिश लेखाचे भाषांतर करण्यास कोणाचीच आडकाठी नव्हती. दूरच्यांना न कळल्याचा दोष लिहिणाऱ्याइतकाच न वाचणाऱ्यांकडेही जातो.

पुढचा इतिहास राजकारणाने झाकोळलेला आहे. १८३०-३१ च्या उठावानंतर रशियाच्या सरकारने १८३२ साली विल्नोचे विद्यापीठ बंद केले. वॉर्सा येथील वैद्यमंडळाने १८३७ पासून आपले नियतकालिक चालविले, १८४७ साली लुडविक नातान्सोन यांनी साप्ताहिक काढले, आणि १८६२ साली क्राकूव्हहून 'प्शेग्लोंद लेकार्स्की' हे पत्र निघाले. क्राकूव्हच्या विद्यापीठात पोलिशचा कैवार घेणाऱ्या डीट्ल यांना १८६५ साली अध्यापनातून दूर करण्यात आले. अशा दिवसांत ज्वराची लक्षणे मातृभाषेत छापणे हेही धैर्याचे काम ठरते.

ह्याच क्राकूव्हच्या पत्राच्या नावाखाली १९६१ ते १९९१ पर्यंत दरवर्षी एक अंक आउश्विट्झच्या छळछावणीस वाहिलेला निघे. तेथून जिवंत परतलेल्या डॉक्टरांनी आपण पाहिलेली उपासमार, आजार व मरण त्यांत पोलिश भाषेत लिहून ठेवले. त्या लेखांची इंग्रजी भाषांतरे अलीकडच्या वर्षांत प्रसिद्ध होऊ लागली आहेत.