गृहपाठ आणि घर

दिवेलागणीच्या वेळीं महाराष्ट्रांतील कोणत्याहि शहराच्या एखाद्या गल्लींतून चालत जावें, म्हणजे उघड्या खिडक्यांतून एकच प्रश्न निरनिराळ्या स्वरांत कानीं पडतो : "गृहपाठ झाला का?" विचारणाऱ्या आईचा स्वर थकलेला असतो, आणि उत्तर देणाऱ्या मुलाचा बहुधा चुकवाचुकवीचा. हा प्रश्न इतका नित्याचा झाला आहे कीं, त्याच्या मागें दुसरा एक प्रश्न उभा आहे हें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. शाळा सुटल्यानंतरचा मुलाचा वेळ कोणाचा? शाळेचा, आईबापांचा, कीं मुलाचा स्वतःचा? गृहपाठानें विद्या किती वाढते ह्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. तो देणें न्याय्य केव्हां ठरतें ह्याची चर्चा त्या मानानें थोडी. प्रस्तुत लेखांत ह्या दुसऱ्या अंगाचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम गृहपाठाच्या बाजूनें जें म्हणण्यासारखें आहे तें म्हटलें पाहिजे. ऐकलेली गोष्ट आणि आपलीशी झालेली गोष्ट ह्यांत अंतर असतें, आणि तें आवृत्तीवांचून तुटत नाहीं. हेर्मान एबिंगहाउस ह्या जर्मन मानसशास्त्रज्ञानें स्वतःच्याच स्मरणशक्तीवर केलेले प्रयोग १८८५ सालीं प्रसिद्ध केले. पाठ केलेलें प्रारंभीं झपाट्यानें विसरलें जातें व मागाहून मंद गतीनें, आणि मध्यें अवकाश ठेवून केलेली उजळणी अधिक टिकते, असें त्यांवरून दिसून आलें. आमच्याकडील जुन्या घरांना हें प्रयोगावांचूनच ठाऊक होतें. तिन्हीसांजेला देवापुढें दिवा लागला कीं मुलांनीं परवचा म्हणावा, पाढे, पावकी, निमकी, दिडकी एका सुरांत घोकावीं, ही रीत उजळणीचीच होती. तथापि तिचें फाजील गुणगान करण्याचें कारण नाहीं. तो दिवा सर्व घरांत अभ्यासासाठीं लागत नसे, आणि जेथें लागे तेथेंहि त्याच्या उजेडांत मुलीला क्वचितच बसवीत.

गृहपाठाचा ह्याहून मोठा लाभ आमच्या मतें निराळाच आहे. वर्गांत अडलें तर शेजारच्याच्या वहींत डोकावतां येतें, किंवा शिक्षक फळ्यावर उत्तर मांडीपर्यंत स्वस्थ बसतां येतें. घरीं एकट्यानें बसलेल्या मुलाला ही सोय नसते. गणित सुटत नाहीं, एक वाट धरून पाहिली, ती खुंटली, दुसरी धरली, आणि अर्ध्या तासानें एकाएकीं उलगडा झाला. त्या क्षणीं मुलाला जें कळतें तें केवळ त्या गणिताचें उत्तर नसतें. आपणांस न येणारी गोष्ट आपल्याच प्रयत्नानें येऊं शकते, ही जाणीव त्याला आयुष्यभर पुरते. ज्या गृहपाठानें ती येते तो गृहपाठ आम्ही तरी टाकाऊ म्हणणार नाहीं.

परंतु प्रत्यक्षांत काय घडतें? पुस्तकांतील उत्तर वहींत, आणि वहींतील उत्तर दुसऱ्या सुंदर वहींत उतरवून काढण्यांत संध्याकाळ जाते. शिकवणीच्या बाई वाक्यें सांगतात आणि मूल तीं लिहून घेतें. 'प्रकल्प' नांवाच्या प्रकाराची कथा तर सर्वश्रुत आहे. रात्रीं अकरा वाजतां बाप पुठ्ठे कापीत बसलेला असतो, आई डिंक लावीत असते, आणि ज्याचा प्रकल्प तो झोपीं गेलेला असतो. सकाळीं तो किल्ला मुलाच्या नांवाची चिठ्ठी लावून शाळेंत जातो व वाहवा मिळवितो. तो कोणीं केला हें शिक्षकाला ठाऊक, आईबापांना ठाऊक आणि मुलालाहि ठाऊक; पण कोणी बोलत नाहीं. आठ वर्षांच्या जीवाला असत्याची पहिली दीक्षा अशा रीतीनें घरांतील आणि शाळेंतील वडील माणसें मिळून देतात, आणि वर त्याच्याच वहींत 'नेहमीं खरें बोलावें' हें वाक्य सुवाच्य अक्षरांत दहा वेळां लिहावयास लावतात. २०२२ सालाच्या अखेरीपासून मागाल त्या विषयावर निबंध लिहून देणारीं यंत्रें सर्वांच्या हातीं आलीं. त्यांच्या नांवानें खडे फोडणाऱ्यांनीं हें विसरूं नये कीं, दुसऱ्याकडून लिहवून घेण्याची संवय मुलांना यंत्रांच्या पूर्वींच लागली होती.

ह्याहून गंभीर दोष न्यायाचा आहे. एका मुलाच्या घरीं टेबल आहे, स्वतंत्र खोली आहे, शिकलेली आई शेजारीं बसते. दुसऱ्याच्या घरीं एकाच खोलींत सहा माणसें राहतात. तेथील मुलीला पाणी भरावयाचें असतें, धाकट्या भावाला सांभाळावयाचें असतें, आणि अडलें तर विचारावें असें कोणी नसतें. दोघांना गृहपाठ एकच, आणि न केल्याबद्दलची शिक्षाहि एकच! शाळेच्या दाराशीं आल्यावर घरचा फरक बाहेर राहावा आणि सर्व मुलांनीं एका बाकावर बसावें, हें शाळेचें मोठें पुण्य. गृहपाठ त्या मुलांना पुन्हां आपापल्या घरीं धाडतो, आणि दुसऱ्या दिवशीं त्या घराची परीक्षा मुलाकडून घेतो. २०२० सालच्या मार्चमध्यें महामारीमुळें शाळा बंद झाल्या आणि गृहपाठ मोबाइलवर येऊं लागला, तेव्हां हें सत्य अगदीं उघडें पडलें. ज्या घरांत एकच मोबाइल होता आणि तो खिशांत घालून बाप कामावर जात असे, तेथील मूल रात्रीपर्यंत केवळ वाट पाहत बसे.

उपाय म्हणून ठिकठिकाणीं तासांचें माप लावण्यांत आलें. कॅलिफोर्नियानें १९०१ सालीं पंधरा वर्षांखालील मुलांना गृहपाठ देण्यास कायद्यानेंच मनाई केली, आणि १९१७ सालीं ती उठविली. चीननें २०२१ सालीं पहिली-दुसरीचा लेखी गृहपाठ बंद केला. आपल्या केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तरविषयक धोरणानें दुसरीपर्यंत गृहपाठ नसावा, तिसरी ते पांचवीस आठवड्याला फार तर दोन तास, सहावी ते आठवीस रोज एक तास आणि पुढें रोज दोन तास असावा, असें सुचविलें. हॅरिस कूपर व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९८७ ते २००३ ह्या काळांतील अमेरिकन संशोधनाचा २००६ सालीं आढावा घेतला, तेव्हां गृहपाठाचा आणि यशाचा संबंध वरच्या वर्गांत बऱ्यापैकीं, तर खालच्या वर्गांत अगदींच क्षीण आढळला. तेव्हां लहानांना त्यांतून सोडवावें हें योग्यच आहे. परंतु प्रा. यशपाल ह्यांच्या समितीनें १९९३ सालींच बजावलें होतें कीं, दप्तराच्या ओझ्यापेक्षां न समजण्याचें ओझें अधिक घातक असतें. न समजलेलें काम अर्ध्या तासाचें असलें तरी तें जडच.

मग करावें काय? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनीं कोसबाडच्या आदिवासी भागांत कुरणशाळा काढली. गुरें राखणाऱ्या मुलाला शाळेंत येतां येत नाहीं, तर शाळेनें कुरणांत जावें, हा तिच्यांतला विचार होता. मुलाचें घर आणि त्याचें काम ह्यांना शिक्षेचें कारण न मानतां शाळेनें स्वतःच वाट वांकडी केली. गृहपाठालाहि हाच न्याय लावावा असें आमचें नम्र मत आहे. तो मुलाला एकट्याला, विकत कांहीं न आणतां करतां यावा; आणि जितका शिक्षक खरोखर वाचील तितकाच तो द्यावा. मुलाची संध्याकाळ घेऊन त्याच्या वहीवर न वाचतां बरोबरची खूण करणें ही घेतलेलें ऋण बुडविण्यासारखीच गोष्ट आहे. शिक्षकांवर पटसंख्येचा आणि इतर सरकारी कामांचा भार असतो हें आम्ही जाणतों. पण त्यावर थोडें देणें हा उपाय आहे, न वाचणें हा नव्हे.

ज्या घरांत पुस्तक नाहीं, तेथेंहि बाजारहाटाचा हिशेब असतो, धान्याचें माप असतें, आजीच्या तोंडीं पुस्तकांत न सांपडणारे शब्द असतात. दिवसाला किती हंडे पाणी लागतें तें मोजून ये, आजीकडून पांच जुने शब्द विचारून ये, असा गृहपाठ दिला तर पाणी भरणारी ती मुलगी वर्गांत कोणाच्याहि मागें राहणार नाहीं. कदाचित् त्या दिवशीं तिच्याजवळच सांगण्यासारखें सर्वांत अधिक असेल. गृहपाठ ह्या शब्दांतच गृह आहे. ज्या गृहपाठामुळें मुलाला आपल्या घराची लाज वाटते तो शाळेनें खुशाल बंद करावा; आणि ज्यामुळें त्याला आपलें घरहि शिकण्याजोगें वाटूं लागतें, तो मात्र जपून ठेवावा.