बरोबरीचा आधार

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली. २१ फेब्रुवारी ते १९ जून, सलग अठरा रविवार, दर रविवारी एक अध्याय. साने गुरुजी समोर बसून ती उतरवून घेत होते, म्हणून ‘गीता प्रवचने’ आज आपल्या हातात आहे. या घटनेतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. बोलणारा कैदी होता आणि ऐकणारेही कैदीच होते. प्रवचन संपल्यावर सगळ्यांना त्याच भिंतींच्या आत राहायचं होतं.

व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्याला असाच बरोबरीचा माणूस लागतो. उपदेश त्याने पोटभर ऐकलेला असतो. आईने रडून सांगितलेलं असतं, बायकोने लेकरांची शपथ घातलेली असते, भाऊबंदांनी चारचौघांत पाणउतारा केलेला असतो. मान खाली घालून तो ‘उद्यापासून बंद’ म्हणतो. त्या क्षणी तो बहुतेक वेळा मनापासूनच बोलत असतो. पण वर्षानुवर्षांच्या दारूने त्याचा मेंदू आणि शरीर तिला सरावलेलं असतं. ती मिळाली नाही की हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. फार पिणाऱ्याने एकाएकी बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून पहिली पायरी डॉक्टरांचीच. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक विकारांचा समावेश आजारात केला आहे. आजाऱ्याला उपचार मिळणं हा त्याचा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. जळगाव-धुळ्याकडचा माणूस उपचार घेऊन परततो तो त्याच गावात, त्याच पारावर. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी ठरते. लग्नाच्या हळदीला मित्र जमतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्त्यांचे डाव रंगतात. ‘बस ना भाऊ, एका पेगने काय होतं?’ असं आग्रहाने विचारणारा जवळचाच असतो. या वेळी डॉक्टर शेजारी नसतात आणि घरच्यांना ओढ म्हणजे काय हे समजावून सांगता येत नाही. तेव्हा फोन लावता येईल असा एक सोबती हवा असतो, ज्याने ही ओढ स्वतः सोसली आहे आणि तिच्यातून दिवस काढला आहे.

या नात्याचा उगम बघण्यासारखा आहे. १९३५च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा अमेरिकन माणूस कामासाठी अक्रन या गावी गेला होता. दारू सोडून त्याला काहीच महिने झाले होते. काम फसलं, गाव परकं, आणि हॉटेलातला बार समोर. त्याने फोन फिरवायला सुरुवात केली. त्याला दुसरा एखादा दारुडा माणूस भेटायला हवा होता. डॉ. बॉब स्मिथ हे सर्जन त्याला भेटले आणि दोघे तासन्‌तास बोलले. त्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ (एए) ही संघटना उभी राहिली. विल्सनला त्या दिवशी वाचवायचं होतं स्वतःला, आणि त्यासाठी दुसऱ्याची गरज होती. मदत करणाऱ्याने आपली गरज अशी मान्य केली की मदत घेणारा लहान होत नाही. सोबतीच्या कामाचं सगळं नीतिशास्त्र मला यात दिसतं.

महाराष्ट्रात हाच विचार पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने रुजवला. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने, २९ ऑगस्ट १९८६ रोजी हे केंद्र सुरू केलं. तिथे उपचार घेऊन बरे झालेले अनेक जण पुढे तिथेच कार्यकर्ते आणि समुपदेशक झाले. नव्या पेशंटला समोर दिसतो तो कालचा पेशंट. ‘तुला काय कळणार माझं?’ हा प्रश्नच उरत नाही. पेशंटच्या बायकांसाठी तिथे ‘सहचरी’ गट आहे, कारण दारू एकाने प्यायली तरी आजारी सगळं घर पडतं.

हे केवळ भावनेचं बोलणं नाही. २०२० साली कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास एकत्र तपासले. एएच्या वाटेने जाणारे उपचार घेतलेल्यांपैकी वर्षभराने साधारण ४२ टक्के पूर्ण दारूमुक्त राहिले. इतर उपचारपद्धतींत हे प्रमाण ३५ टक्के होतं. आपल्याकडे गरज किती आहे, हे ‘एम्स’च्या २०१९च्या राष्ट्रीय पाहणीने दाखवलं आहे. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसलाही उपचार मिळालेला होता. ही दरी नुसत्या डॉक्टरांच्या बळावर भरून निघणार नाही.

पण सोबत्याच्या चांगुलपणावर सगळा भार टाकून आपण मोकळं होणं अन्यायाचं आहे. लहान गावात एक शब्द बाहेर फुटला तर माणसाची नोकरी जाते, मुलीचं लग्न मोडतं. म्हणून ऐकलेलं पोटात ठेवणं हा सोबत्याचा पहिला धर्म. समोरच्याची ‘स्लिप’ झाली, म्हणजे तो पुन्हा प्याला, तर त्याला न झिडकारता ‘उद्या मीटिंगला ये’ म्हणणं हा दुसरा. आणि रोज दुसऱ्याची ओढ ऐकताना स्वतःची जागी होऊ शकते, हे ओळखून वेळीच आपल्या सोबत्याकडे जाणं हा तिसरा. इतकं जोखमीचं काम करणाऱ्याला केंद्रं ‘सेवाभाव’ म्हणून तुटपुंज्या मानधनावर राबवत असतील, तर तो त्याच्या सोसण्याचा गैरफायदा आहे. त्याच्या कामाला रीतसर प्रशिक्षण, योग्य पगार आणि सुट्टी मिळालीच पाहिजे. व्यासपीठावर उभं करून त्याच्या पडझडीच्या कहाणीवर टाळ्या घेणं म्हणजे त्याचा सन्मान नव्हे.

आणि आपलं काय? जळगावच्या, धुळ्याच्या, अमळनेरच्या, शिरपूरच्या शाळा, वाचनालयं, मंगल कार्यालयं आठवड्यातून एक संध्याकाळ एक खोली दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाला मीटिंगसाठी देऊ शकतात. मालक दारू सोडलेल्या माणसाला परत कामावर घेऊ शकतो. भरीत पार्टीला बोलावणारा त्याच्या हातात ताकाचा पेला देऊ शकतो आणि कारण न विचारता त्याच्या शेजारी बसू शकतो. मदत हवी असेल त्याला १४४४६ हा व्यसनमुक्तीचा निःशुल्क राष्ट्रीय क्रमांक सांगता येतो. यातल्या कशालाही मोठं मन लागत नाही. लागते ती एवढी कबुली, की समोरचा माणूस आपल्यापेक्षा कमी नाही. ही कबुली ज्या गावात सहज दिली जाते, त्या गावात दारू सोडणं सोपं होत नाही, पण एकट्याने सोडावी लागत नाही.