फी आधी, शिष्यवृत्ती मागून

महात्मा फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे ठेवलेल्या निवेदनात शिष्यवृत्तीविषयी एक नेमका मुद्दा होता. स्पर्धेतून शिष्यवृत्ती देणे न्याय्य दिसते, पण तिने मागे राहिलेल्या वर्गांत शिक्षण पसरत नाही. म्हणून काही शिष्यवृत्त्या त्याच वर्गांसाठी राखाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. शिष्यवृत्ती कोणाला द्यायची, हा फुल्यांचा प्रश्न आपण धोरणात तरी बऱ्याच अंशी सोडवला. ती कधी द्यायची, हा प्रश्न मात्र आपण हिशेबनिसांवर सोडून दिला आहे. गरिबाला रक्कम मिळण्याची वेळ ही रकमेइतकीच महत्त्वाची असते, आणि मागाहून मिळणारी मदत ज्याला सर्वाधिक गरज आहे त्यालाच दाराबाहेर ठेवते.

सयाजीराव गायकवाडांनी 1913 मध्ये डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मंजूर केली. त्या मदतीचे बळ तिच्या निश्चितीत होते: बोटीत पाय ठेवण्याआधीच पुढच्या तीन वर्षांचा आधार ठरलेला होता. आज महाराष्ट्रात योजनांची वाण नाही. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती स्वातंत्र्याआधीपासून चालत आली आहे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क योजना आहे. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून (कॅप) व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या पात्र मुलींना 2024-25 पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी ‘स्वयम्’ योजना आहे. मुंबई, नवी मुंबईसारख्या शहरांत तिची रक्कम वर्षाला 60,000 रुपये आहे.

तरीही कर्नाळ्याच्या बाजूच्या एखाद्या कातकरी वाडीतून किंवा खालापूर-कर्जतकडून नवीन पनवेलच्या महाविद्यालयात येणाऱ्या मुलाला आधी काय लागते? उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते आणि महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरचा अर्ज. तो अर्ज आधी महाविद्यालय तपासते, मग विभाग. एक कागद अडला की सगळेच थांबते. तोवर खोलीचे भाडे, मेसचे पैसे, रेल्वेचा किंवा एसटीचा पास, पुस्तके यांना मुदतवाढ नसते. विमानतळ आणि नव्या वसाहतींनी पनवेल महाग केले आहे. शुल्कमाफी घरमालकाला दाखवून भाडे फिटत नाही. ज्या घरात चार पैसे शिल्लक आहेत ते शिष्यवृत्ती येईपर्यंतचे महिने काढते. ज्या घरात नाहीत ते सावकाराकडे जाते किंवा मुलाला कामाला लावते. म्हणजे सरकारी मदतीचे व्याज लाभार्थीच भरतो.

यावर पहिला आक्षेप असा की फुकटच्या पैशाची किंमत राहत नाही. रयत शिक्षण संस्थेच्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ सांगितलेच होते. पण कर्मवीरांनी कष्ट सांगताना राहण्याची आणि जेवणाची सोयही संस्थेकडे घेतली होती. ती सोय न देता फक्त कष्टांचा उपदेश उचलणे बरे नव्हे. दुसरा आक्षेप शैक्षणिक कर्जाचा. कर्ज हा भविष्यातल्या पगारावरचा डाव आहे, आणि ज्याच्या घरात पदवीधर नाही त्याला तो डाव सर्वांत भीतिदायक वाटतो. पीएम विद्यालक्ष्मी योजनेत तारण नाही हे खरे, पण ती निवडक नामांकित संस्थांपुरती आहे. तालुक्याच्या कला महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला तिचा उपयोग नाही. तिसरा आक्षेप गैरव्यवहाराचा, आणि तो खोटा नाही. महाराष्ट्रात शिष्यवृत्ती घोटाळ्याच्या चौकशीसाठी विशेष पथक नेमावे लागले होते. पण त्यात बोट होते ते शिष्यवृत्ती उचलणाऱ्या संस्थांकडे. त्यांना वठणीवर आणण्यासाठी पैसा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जाऊ लागला, हे योग्यच. मात्र पैसा उशिरा आला तर संस्थेच्या तगाद्यापुढे आता विद्यार्थी एकटाच उभा राहतो.

उपाय नव्या योजनेत नाही, क्रम बदलण्यात आहे. बारावीच्या निकालाबरोबरच पात्रता ठरवावी आणि ती पूर्ण अभ्यासक्रमाला लागू ठेवावी. उत्पन्न बदलले तर कळवण्याची जबाबदारी घरावर टाकावी, पण दरवर्षी पहिल्यापासून कागद मागू नयेत. निर्वाह भत्त्याचा पहिला हप्ता प्रवेशाबरोबर द्यावा. शुल्काची थकबाकी सरकार आणि संस्था यांच्यात राहावी. तिच्यासाठी हॉल तिकीट किंवा मूळ गुणपत्रिका अडवणाऱ्या संस्थेला दंड व्हावा. काही अपात्र विद्यार्थ्यांनाही पहिला हप्ता जाईल, हे मान्य. तो वसूल करता येतो. पैशांअभावी पहिल्याच सत्रात कॉलेज सोडलेला मुलगा मात्र कोणत्याही वसुलीने परत येत नाही, आणि शासनाने जोखीम निवडायचीच असेल तर या दोन्हींतली पहिली निवडावी.