वाचलीस ना, मग?

जानेवारीतली रात्र, दोन वाजलेले. पाबळला या दिवसांत चांगलीच थंडी असते. आई ओट्यावर बसली होती. स्वेटर नाही, शाल नाही, पदराने वारा घेत होती. कपाळ घामाने ओलं. "वाफ आली," एवढंच म्हणाली.

तेव्हा ती त्रेचाळीस वर्षांची होती. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन होऊन वर्ष झालं होतं. केमोत थांबलेली पाळी परत आलीच नाही. शिवाय रोज एक टॅमॉक्सिफेनची गोळी, निदान पाच वर्षं. आजीची पाळी पन्नाशीला हळूहळू गेली. शरीराला सवय व्हायला काही वर्षं मिळाली. आईला काही महिनेच मिळाले. रात्रीतून चार-पाचदा वाफा, मोडलेली झोप, दुखणारे सांधे, चिडचिड, योनीतला कोरडेपणा. या शेवटच्या त्रासाचं तर घरात कुणी नावही घेत नाही.

भेटायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, "वहिनी, जीव वाचला ना, मग बाकीचं काय घेऊन बसायचं?" मीही तेच म्हणायचे, जरा गोड शब्दांत.

मग एक दिवस डब्यांच्या मागे दोन महिन्यांच्या न घेतलेल्या गोळ्या सापडल्या. मी ओरडले, "मरायचंय का तुला?" ती शांतपणे म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, वाचलीस ना, मग?"

त्या दिवसापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाही: वाचलेल्या माणसाने तक्रार करायचीच नाही का?

आमच्या गावात मस्तानीची समाधी आहे. पान खाल्लं की तिच्या गळ्यातून उतरणारा रस दिसायचा, ही दंतकथा इथे लहान पोरांनाही माहीत असते. तिला स्वतःला काय वाटत होतं, ते मात्र कुणीच सांगू शकत नाही. आईच्या बाबतीत आम्ही तेच करत होतो. रिपोर्ट चांगले आले की खूश व्हायचं आणि तिला काही विचारायचं नाही.

त्रास होतो म्हणून गोळी सोडणं बरोबर होतं, असं मी म्हणत नाही. अनेक जणींच्या गाठी इस्ट्रोजेनवर वाढतात. टॅमॉक्सिफेन त्या पेशींपर्यंत इस्ट्रोजेनचा परिणाम पोहोचू देत नाही. अशा रुग्णांनी ती पाच वर्षं घेतली तर आजार उलटण्याचा धोका जवळपास निम्म्यावर येतो. वाफांवर हार्मोनच्या गोळ्या घेणंही सोपं नाही. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्या बायकांना त्या देऊन पाहणारा स्वीडनमधला 'हॅबिट्स' अभ्यास 2003 मध्ये मध्येच थांबवावा लागला, कारण हार्मोन घेणाऱ्यांमध्ये आजार जास्त उलटत होता.

म्हणजे डॉक्टरांचा आग्रह खरा होता, आणि आईचा त्रासही. आम्ही मात्र एकच खरं धरलं. तिच्यापुढे दोनच वाटा उरल्या: गुपचूप सोसणं, नाहीतर गुपचूप सोडणं.

तक्रार डॉक्टरांपर्यंत गेली तेव्हा कळलं, उपाय होते. नैराश्यावरचं व्हेन्लाफॅक्सिन वाफाही कमी करतं. त्याच कामाची पॅरॉक्सेटिनसारखी काही औषधं मात्र टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करू शकतात, म्हणून मेडिकलमधून परस्पर काही आणायचं नाही. कोरडेपणासाठी हार्मोन नसलेली जेल मिळतात. समुपदेशनाने वाफांचा जाच सुसह्य होतो. हे सगळं आधीपासून होतंच. कुणीतरी "मला त्रास होतोय" म्हणायची आणि कुणीतरी ते ऐकून घ्यायची तेवढी गरज होती.

आईने गोळी परत सुरू केली. पण हे सगळं करूनही ती नको म्हणाली असती तर? मी भांडले असते, रडले असते. तरी शरीर तिचं, रात्री जागायच्या त्याही तिलाच. शेवटचा शब्द तिचाच, हे मला पटतं; ते पाळता आलं असतं का, याची खात्री नाही.

वाफा अजून येतात, पण कमी. ओट्यावर हालचाल ऐकू आली की मी उठते. पूर्वी म्हणायचे, "चल, झोप आता." हल्ली विचारते, "आज कसं होतंय?" आणि ती सांगते.