चाळीस व्हायोलिनांची साक्ष

चेंबर ऑर्केस्ट्राने वाजवलेली सिंफनी ऐकली की जाणकार लगेच म्हणतात, ‘हे अस्सल, त्या काळी एवढेच वादक असायचे.’ या म्हणण्याच्या आड मोझार्टचेच एक पत्र येते. ११ एप्रिल १७८१ रोजी व्हिएन्नाहून वडिलांना आपल्या सिंफनीबद्दल कळवताना तो हरखून गेला आहे. चाळीस व्हायोलिने, दहा व्हियोला, आठ चेलो, दहा डबल बेस, सहा बसून, आणि सुषिर वाद्ये सगळी दुप्पट! थोडक्यात, लहान ताफा ही बहुतेकदा निवड नव्हती, पदरी असलेल्या माणसांची गणती होती.

कंडक्टर निकोलाउस हार्नोनकूर यांना हे ठाऊक असणारच. जुन्या वाद्यांसाठी १९५३ साली स्वतःचा वृंद उभारणारा हा माणूस. पण बीथोव्हेनच्या नऊ सिंफनी ध्वनिमुद्रित करायची वेळ आली तेव्हा त्यांनी चेंबर ऑर्केस्ट्रा ऑफ युरोपचे तरुण वादक घेतले. ग्राट्समध्ये १९९० आणि १९९१ साली श्रोत्यांसमोरच मुद्रण झाले. वाद्ये आजची, ट्रम्पेट तेवढे जुन्या पद्धतीचे, झडपांविना. कर्मठांना हा भ्रष्टाचारच वाटावा.

मग ताफा लहान ठेवून साधते काय? बीथोव्हेनच्याच ‘एरोइका’ सिंफनीच्या पहिल्या भागाचा शेवट घ्या. ट्रम्पेट मुख्य धून उचलतात आणि अर्ध्यावर सोडून देतात. त्या काळच्या वाद्याला वरचे स्वर झेपत नसणार, बिचाऱ्या बीथोव्हेनचा नाइलाज झाला असणार, असे गृहीत धरून पुढच्या अनेक कंडक्टरांनी ती धून ट्रम्पेटकडूनच पुरी करून घेतली. ऐकायला दणदणीत लागते, नाकारत नाही. पण छापील स्वर राखले तर धून ओबो-क्लॅरिनेटांच्या हाती उरते, आणि तंतुवाद्यांची गर्दी कमी असेल तरच ती तगते. नायकाचा सूर गलक्यात शोधावा लागणे मला त्या विजयघोषापेक्षा खरे वाटते.

यावर कोणी म्हणेल, मायक्रोफोन ओबोजवळ सरकवा, काम झाले. ओबो मोठा होईल, हे मान्य. पण मोजक्या व्हायोलिनवादकांना सगळे दालन भरायचे असते तेव्हा गज तारेला चावतो, स्वराला खरखरीत कड येते. साठ जणांत वाटला गेलेला जोर असा ऐकू येत नाही. रात्री शेजाऱ्यांच्या धास्तीने मी आवाज पार खाली आणतो, तरी ती कड तशीच राहते.